आक्का निलंबित होती तेव्हा

माझी थोरली बहीण, आमची आक्का, धारूरकडच्या डोंगराळ गावांमध्ये सरकारी नोकरी करते. खात्याचं नाव घेत नाही, त्यातली बहुतेक माणसं अजून नोकरीत आहेत. अतिवृष्टी झाली की शेतोशेत हिंडून पिकाचं नुकसान बघायचं आणि पंचनामे करायचे, हे तिच्या कामातलं सगळ्यात नाजूक काम. एका वर्षी त्यावरूनच तिच्याविरुद्ध तक्रार झाली. गावातल्या एका बड्या बागायतदाराचं म्हणणं होतं की तिनं त्याचं नुकसान मुद्दाम कमी दाखवलं. चौकशी सुरू व्हायच्या आधीच निलंबनाचा आदेश आला. त्या काळापुरतं तिचं मुख्यालय बीड ठरवलं होतं. म्हणजे परवानगी घेतल्याशिवाय तिला बीड सोडता येणार नव्हतं.

बीडला माझा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. आक्का एक पिशवी घेऊन एसटीनं माझ्याकडं राहायला आली. दाजी शेतीपायी धारूरलाच थांबले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, सुट्टीवर आलात का? माझी बायको घाईघाईनं हो म्हणणार होती, तेवढ्यात आक्का म्हणाली, "न्हाई काकू, निलंबित हाय." काकू तशाच घरात गेल्या. मी आक्काला म्हटलं, एवढं सांगायची काय गरज होती? ती म्हणाली की आज सुट्टी म्हटलं तर महिन्याभरानं दुसरं काहीतरी म्हणावं लागेल.

तिचा वेळ जाईना म्हणून मी तिला क्लासवर शिकवायला बोलावलं. मोबदल्याचा प्रश्नच नव्हता, घरचंच काम. तरी ती नको म्हणाली. निलंबनाच्या काळात पगाराऐवजी जो निर्वाह भत्ता मिळतो, त्यासाठी दुसरीकडं कुठंही काम करत नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि लिहून दिलेल्यावर कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, असं तिचं म्हणणं. मला तेव्हा ते अतीच वाटलं.

दिवस जात होते आणि कार्यालयातून काहीच येत नव्हतं. आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे, हेही तिला कागदावर कळलेलं नव्हतं. गावाकडं मात्र लोकांनी निकाल लावून टाकला होता. कुणी म्हणे खाल्ले असतील, कुणी म्हणे उगाच नाही काढत. दाजींना ते सहन होईना. त्यांनी ओळखीतून एका पुढाऱ्याला गाठलं. पुढारी भला माणूस निघाला. एका फोनमध्ये काम होईल म्हणाला, फक्त बाईंना एकदा समोर आणा. भेट मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर ठरली. दाजी सकाळपासून तिथं जाऊन बसले आणि आक्काला फोन केला.

ती निघाली नाही. बीड सोडायला परवानगी लागते आणि ती मी मागितलेली नाही, एवढंच तिनं सांगितलं. दाजी फोनवर लई चिडले. मांजरसुंबा म्हणजे काय मुंबई हाय का, असं म्हणाले. माझ्या मनातही तेच होतं. आक्कानं त्यांना बोलू दिलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "परवानगी मागितली असती तर मिळालीबी असती. पण त्यांच्या फोननं मी कामावर आले, तर पुढच्या पंचनाम्याला त्यांचाच फोन येईल. मग मी काय सांगू त्यांना?"

दाजींनी फोन ठेवला. पुढं आठवडाभर त्यांचा फोन आला नाही. त्या आठवड्यात आक्का जेवायला बसायची आणि अर्ध्यातून उठायची. ती खंबीर होती म्हणून तिला त्रास होत नव्हता, असं कुणी समजू नये.

मग मीच तिला कोर्टाजवळच्या एका म्हाताऱ्या वकिलांकडं नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. निलंबन ही शिक्षा नाही, चौकशी नीट व्हावी म्हणून माणसाला बाजूला ठेवायची ती सोय आहे. ती कितीही दिवस ताणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढं चालू ठेवू नये, आणि दिलं असेल तरी ते वाढवायची कारणं लेखी द्यावीत. राज्य सरकारनंही तसंच ठरवलंय. तिची मुदत तर कधीच उलटून गेली होती. वकील म्हणाले, न्यायाधिकरणात जाता येईल, पण आधी साहेबांकडं अर्ज करा.

अर्ज केला. उत्तर आलं नाही. तेव्हा आक्का स्वतः मोठ्या साहेबांना भेटायला गेली. मी सोबत होतो. साहेब नव्यानंच बदलून आलेले, वयानं आक्कापेक्षा लहान. त्यांनी बसायला सांगितलं आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "तुम्ही निर्दोष आहात, हेच सांगायला आलात ना?"

"नाही साहेब," आक्का म्हणाली. "ते चौकशीत ठरेल. माझ्यावर आरोप काय आहे, तेवढं विचारायला आले. चौकशी सुरू करा, नाहीतर मला कामावर घ्या. नुसतं बसवून ठेवू नका."

साहेबांनी फाईल मागवली. तिच्यात तक्रार होती, आदेश होता, पुढं काही नव्हतं. दोषारोपपत्र अजून लिहिलंच गेलं नव्हतं. साहेब थोडा वेळ पानं उलटत राहिले, मग त्यांनी प्रकरण निलंबनांच्या पुढच्याच आढावा बैठकीत ठेवायला सांगितलं. दुसऱ्या कुणाचा तरी निष्काळजीपणा त्यांना निस्तरावा लागत होता, पण त्यांनी त्याचा राग आक्कावर काढला नाही. याबद्दल ती आजही त्यांचं नाव आदरानं घेते.

निलंबन उठलं. तिला गावात न पाठवता बीडच्याच कार्यालयात टेबलाचं काम दिलं. चौकशी नंतर रीतसर झाली. बागायतदाराचा आरोप टिकला नाही. पण तिथं आक्कानं आपणहून एक गोष्ट सांगितली. ओढ्याला पाणी होतं म्हणून पलीकडच्या काही रानांमध्ये ती गेलीच नव्हती, अलीकडून बघून पंचनामा लिहिला होता. ते कुणी विचारलंही नव्हतं. त्याबद्दल तिला ठपका मिळाला. मी वैतागलो. ती म्हणाली, "जे केलं त्याचा ठपका हाय. कावून चिडतो?"

पुढं तिची नेमणूक परत धारूरकडं झाली. दाजी तिला न्यायला आले तेव्हा येताना वाटेत मांजरसुंब्याला थांबून तिच्या आवडीची भजी घेऊन आले होते. दोघं ओसरीत बसून ती खात होते.

आता आक्का पुन्हा गावांमध्ये हिंडते. अधूनमधून कुणीतरी निलंबित माणूस पत्ता विचारत तिच्या घरी येतो. बहुतेक वेळा तोंड पाडून, मुदतीचा नियम काय हे विचारायला. ती चहा ठेवते, त्याला बसवते. नियम ती सांगतेच, पण आधी त्याला म्हणते, "तुमच्या हातून काय झालं, ते पयलं मला खरं सांगा."