तुपाची बरणी

विमानतळाच्या तपासणीत माझा दाढीच्या फेसाचा डबा काढून घेतला, तेव्हा मी तावातावाने भांडलो आणि अर्थातच हरलो. माझ्या मागे एक काकू होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. पिशवीत मेथीच्या लाडवांसाठी भाजून गूळ घातलेलं पीठ आणि घरी कढवलेल्या तुपाची बरणी. लाडू तिकडे गेल्यावर ताजे वळायचे होते.

"तूप नेता येणार नाही, काकू," तपासणारी मुलगी म्हणाली.

"आणि लाडू?"

"लाडू चालतील."

काकू बाजूच्या बाकावर बसल्या, पिठाचा डबा मांडीवर घेतला, पिठात सगळं तूप ओतलं आणि भराभर लाडू वळू लागल्या. इतका वेळ कुरकुरणारी आमची रांग माना उंचावून बघत राहिली. नियमाला घट्ट आणि पातळ एवढंच कळतं. पातळ कशात मुरवायचं, ते काकूंच्या हातांना ठाऊक होतं. शेवटी मूठभर पिठाने त्यांनी बरणी आतून पुसून काढली आणि त्याचाही एक छोटा लाडू वळला.

डबा यंत्रातून गेला. पडद्यावर गोल गोल सावल्या सरकल्या. तूप कुठेच दिसलं नाही.