काचेपलीकडची मुलगी

नवऱ्याला मी ‘ड्रायव्हरसाहेब’ म्हणून चिडवायचे. आयुष्यभर बस चालवली, पण गाडीला साधा ओरखडा नाही. घरात वळताना तेवढा हॉर्न द्यायचा बाकी होता! मग एक लहान मुलगी बसखाली आली. चौकशीत हे निर्दोष सुटले, पण तोंड मिटलं ते मिटलंच. पलंगाच्या कडेला बसायचे आणि मध्येच उजवा पाय फरशीवर गच्च दाबायचे. ब्रेक! जेवण नाही, झोप नाही. मी भांडले, रडले, हात जोडले. माणूस डोळ्यांदेखत संपत चालला होता.

लेक कॉलेजात साहित्य शिकते. पेपरात बापाचा फोटो आल्यापासून तीही यांच्याशी बोलेना, लाज वाटायची तिला. त्यात वर्गात कथा निघाली ती ट्रकखाली सापडलेल्या मुलाची. त्यांच्या बाईंची तऱ्हाच न्यारी. चिठ्ठ्या उचलायच्या आणि चिठ्ठीत जे पात्र निघेल त्याच्या बाजूनं तीच कथा सांगायची. कुणाला आई आली, कुणाला पोलीस. हिला नेमका ड्रायव्हर.

आधी आदळआपट केली. मग लिहायला बसली आणि थोड्या वेळानं माझ्याकडे आली.

“आई, कथेत तो नुसता राक्षस वाटतो गं. पण त्याच्या सीटवर बसून बघितलं, तर त्या मुलाला शेवटचं त्यानंच पाहिलंय.”

ती तशीच जाऊन बापाच्या पायाशी बसली. कथेचं, चिठ्ठीत ड्रायव्हर आल्याचं सांगितलं आणि म्हणाली, “बाबा, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबेपर्यंत माणूस काय करतो?”

मी तिला खुणावलं, नको.

“ओरडतो,” हे म्हणाले. “पण काच बंद असते.”

बोलले! मला हुंदका आवरेना. वाटलं, सुटलो बाई एकदाचे. लेक डोळे पुसत भराभर लिहीत होती.

“बाकीच्यांना कोण कोण आलं?” यांनी विचारलं.

“आई, पोलीस, क्लीनर, दुकानदार.”

“आणि तो मुलगा?”

“त्याची चिठ्ठीच नव्हती. कथेत तो बोलतच नाही.”

“मग तो मला दे.”

आणि हे सांगू लागले. कथेतल्या मुलाचं नाही, त्या मुलीचं. “माझी चप्पल नवी होती. पलीकडे आई उभी होती, तिला दाखवायची होती...”

“बाबा, पुरे!” लेकीनं पेन टाकलं.

हे थांबेनात. फरशीवर दाबलेला पाय मी दोन्ही हातांनी उचलायला गेले. तो जागचा हलेना.