पुरलेल्या पट्टीची नळी

सकाळचे पावणेसात वाजले होते आणि पंडित खंदारे रोपवाटिकेच्या दोन सऱ्यांमध्ये उकिडवा बसून जंबेरीच्या खुंटांवर मोसंबीचे डोळे भरत, म्हणजे कलमं करत होता. १९८५ चा डिसेंबर. गारठ्यामुळे जंबेरीची साल खुंटापासून सुटायला वेळ लावत होती, म्हणून हातही जपून चालत होता. खुंटावर चाकूनं एक आडवी आणि एक उभी चीर, सालीचे दोन ओठ अलगद उघडणं, डोळकाडीवरून कापून घेतलेला डोळा त्यात सरकवणं आणि वरून प्लास्टिकची पट्टी. पट्टी बांधायचं काम बायको, कुसुमबाई, करत होती. रोपवाटिकेचे मालक आबासाहेब सांगत की पंडितनं भरलेला डोळा सहसा मरत नाही.

त्याच्या कमरेला फडक्यात गुंडाळलेली सलाइनची रिकामी बाटली होती. बेंबीखालून निघालेली रबरी नळी त्या बाटलीत यायची. सव्वा वर्षापासून पंडितची लघवी याच वाटेनं जात होती.

गावाकडचं घर अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत सुटलं, तेव्हापासून तो परभणीत होता. हे काम तो इथंच शिकला. मागल्या वर्षीच्या पावसाळ्यात रोपं भरताना बैलगाडीवरून त्याचा पाय सटकला आणि तो खालच्या लाकडी दांडीवर दोन पाय दोन्हीकडे असा आदळला. हाड एकही मोडलं नाही. आतला लघवीचा मार्ग मात्र चेंगरला, आणि जखम भरता भरता मार्गच बुजून गेला. परभणीच्या डॉक्टरांनी पोटातून लघवीसाठी नळी बाहेर आणली म्हणून तो वाचला. पण बाटली घेऊन माणसांत बसणं त्याला जमेना. लग्नाच्या पंगतीत तो कडेला बसू लागला, मग जाईनासा झाला. यंदाच्या चौदा एप्रिलच्या मिरवणूकही तो घराच्या दारातूनच पाहत राहिला.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात डॉ. सेलूकरांनी उन्हाळ्यात त्याच्यावर पहिली शस्त्रक्रिया केली होती. बुजलेला भाग त्यांनी लांबीत उघडला आणि दोन्ही अंगांची कातडी ओढून त्याच्या कडांना शिवली. मार्ग उघड्या पन्हळीसारखा झाला होता. आता त्या पन्हळीची नळी करायची होती. साधली तर पंडित चारचौघांसारखा होणार होता. न साधली तर बाटली जन्माची, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं.

जानेवारीत तो दाखल झाला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टर त्याच्या खाटेपाशी आले आणि उद्या काय करणार ते सांगू लागले. पन्हळीच्या मधोमध बोटभर रुंदीची कातडीची पट्टी तशीच ठेवायची, बाजूची कातडी सोडवून तिच्यावर ओढून घ्यायची आणि शिवून टाकायची. पट्टी आत पुरली जाईल.

पंडितनं विचारलं की मग नळी कधी करणार.

"नळी मी करत नाही," डॉक्टर म्हणाले. "पट्टीच्या दोन कडा आतल्या आत सरकत जातात. एक इकडून, एक तिकडून. वळत वळत एकमेकींना भेटतात. नळी होते."

"त्यांला वळायचं कोन सांगतं, सायेब?"

"ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. कातडीला उघडी कड सोसत नाही एवढं माहीत आहे. दुसरी कड मिळेपर्यंत ती चालत राहते, आणि मिळाली की थांबते."

डोळा जगतो तो आपल्या हातानं आणि कुसुमच्या पट्टीनं, असं पंडित इतकी वर्षं धरून चालला होता. सालीच्या आत काय होतं हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आता त्याच्याच अंगात, अंधारात, कुणाचा हात नसताना दोन कडा एकमेकींकडे निघणार होत्या, आणि वाट चुकणार नव्हत्या.

शस्त्रक्रिया पार पडली. सिस्टरनं बजावलं की भरपूर पाणी प्यायचं. पंडितनं मान हलवली, आणि तिची पाठ फिरताच तांब्या कुसुमबाईकडे सरकवला. तिनं तो मोरीत ओतला. दोघांना एकमेकांना काही सांगावं लागलं नाही. कलमाच्या नव्या डोळ्यावर पाणी पडलं की तो काळा पडतो. डोळे भरलेल्या सरीला ते पहिले काही दिवस पाणीच सोडत नसत. इथं तर जखमच पाण्याच्या वाटेवर होती. म्हणून पंडित नुसते ओठ ओले करत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाटलीतली लघवी वाढेनाशी झाली. संध्याकाळपर्यंत ओटीपोट नगाऱ्यासारखं तटतटलं, आणि खालच्या बँडेजवर ओल दिसली.

डॉक्टर धावत आले. पिचकारीनं पोटातली नळी धुतली, तेव्हा आधी चुन्याच्या निवळीखाली साचतो तसा गाळ निघाला आणि मग कोंडलेली लघवी धारेनं बाटलीत पडली. पाणी किती पितोस, असं त्यांनी विचारलं.

कुसुमबाईच म्हणाली, "आमीच बंद केलंय, सायेब. नव्या डोळ्याला पाणी लागू देत न्हाईत."

कुठला डोळा, हे डॉक्टरांना समजेना. तिनं सगळं सांगितलं: खुंट, साल, पट्टी, काळे पडणारे डोळे. डॉक्टर रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले.

"झाडाचा डोळा पाण्याच्या वाटेवर नसतो," ते म्हणाले. "लघवी नव्या जागेवरून जाऊ नये म्हणूनच पोटातली नळी ठेवली आहे. पाणी प्यायलं नाही की लघवी घट्ट होते, गाळ धरते, नळी तुंबते. मग तिला जायला एकच वाट उरते, नवी."

जिच्यापासून दोघं जपत होते ती ओल त्यांनी स्वतःच तिथं पोचवली होती. पंडितनं फक्त विचारलं, "गेलं का समदं?"

"सांगता येत नाही. बँडेज सोडायचं नाही, वाट बघायची."

शेजारच्या खाटेवर ताडकळसचे माणिकराव होते. वयामुळे त्यांचंही दुखणं लघवीचंच होतं, त्यामुळे या विषयात त्यांना अधिकार वाटे. "सांडवा बुजवलास, अन् बांध फुटायलाय म्हनून तोंड पाडून बसलास व्हय?" ते म्हणाले. "पी की आता, गड्या."

त्या दिवसापासून माणिकरावांनी पाळत ठेवली. तांब्या अर्धा राहिला की ते वॉर्डभर ऐकू जाईल असं विचारत की परभणीला दुष्काळ पडलाय काय. पंडित निमूटपणे प्यायचा. बाटलीतली लघवी पाण्यासारखी स्वच्छ दिसे, तरी बँडेजकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. कुसुमबाई वॉर्डाच्या दाराशी बसून राही आणि डॉक्टर येताना दिसले की उठून उभी राही.

तिसरा आठवडा संपताना डॉक्टरांनी बँडेज काढलं. शिवण एका जागी उसवलेली होती, टाचणीच्या टोकाएवढी. त्यांनी पोटातली नळी चिमट्यानं बंद केली आणि पंडितला सांगितलं की पाणी पीत राहा, लागली की जा.

पंडित मोरीत उभा राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही. कसं करायचं असतं हे शरीर विसरलं असावं असं त्याला वाटलं. मग जळजळ झाली, आणि धार आली. बारीक नव्हे, वाकडी नव्हे. पंडितनं भिंतीला हात टेकला आणि ती संपेपर्यंत तो श्वास घ्यायचं विसरला. उसवलेल्या जागेतून एक थेंब गळला, तेवढाच.

डॉक्टरांनी औषध भरून एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. काळ्यावर पांढरी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची.

"यातली अर्धी भिंत मी केलेली नाही," डॉक्टर म्हणाले. वर त्यांनी पुस्ती जोडली, "दरवेळी बघतो, आणि दरवेळी खरं वाटत नाही."

कुसुमबाईनं पुढे होऊन रेघेजवळ बोट नेलं, पण फिल्मला लागू दिलं नाही. "सालीला साल मिळाली मंग," ती म्हणाली. गळणाऱ्या जागेचं काय, असं तिनं विचारलं. तिथल्या कडा अजून चालतायत, डॉक्टरांनी सांगितलं. काही दिवसांत त्याही भेटल्या. त्या जागी टाका घालावा लागला नाही.

पोटातली नळी काढली आणि तिचं भोकही आपोआप मिटलं. आज दुपारी डॉक्टरांनी पंडितला घरी जायची परवानगी दिली. माणिकरावांनी निरोप देताना एवढंच म्हटलं की गाडीत बसायच्या आधी तांब्याभर पिऊन घे.

परभणीची एस.टी. उद्या सकाळी सात वाजता सुटते. जालन्याच्या स्थानकावर ती पंधरा मिनिटं थांबते; तेवढ्यात चारचौघांबरोबर मुतारीत जाऊन येता येतं.