वन्स मोअर, अंकल

"वन्स मोअर, अंकल."

आप्पा परत खुर्चीत बसले. परत उठले. अर्धेच. उजवा हात कपाळाला गेला. समोरची पोरंपोरी खुसूखुसू हसली आणि मोबाईल अजून जरा पुढं सरकवले.

आमच्याकडं निपाणीच्या बाजूला नाटकात एखाद्याचं गाणं रंगलं की लोक वन्स मोअर म्हणत्यात. गाणारा खूश होतो, परत गातो. इथं बेंगळुरात भर उन्हात, सर्जापूर रोडवरच्या अपार्टमेंटच्या गेटवर, एका वॉचमनच्या सल्यूटला वन्स मोअर पडत होता. देणारे आमचे सर. वॉचमन म्हणजे माझा बाप. आणि मी त्या मोबाईलवाल्या घोळक्यात उभा, उन्हाळी नाट्यशिबिराचा विद्यार्थी.

मी म्हणलं, "सर, ते माझे वडील आहेत."

मला वाटलं आता थांबतील. स्वल्प तरी लाजतील. सरांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला.

"काय सांगतोस! म्हणजे हे सगळं तुझ्या बॉडीत आहे!" आणि आप्पांकडं वळून, "वन्स मोअर, अंकल. आता मुलासाठी."

आप्पांनी केलं. माझ्याकडं न बघता केलं.

ते अर्धं उठणं काय भानगड आहे ते सांगतो. आप्पांचा गुडघा गेलाय. दर गाडीला पुरतं उठलं तर संध्याकाळी पाय टेकवत नाही. बसूनच राहिलं तर अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो, वॉचमन बसलेला असतो म्हणून. मग आप्पांनी आपलं आपण एक शोधून काढलं. डावा हात गुडघ्यावर, बूड खुर्चीपासनं वीतभर वर, उजवा हात कपाळाला. गाडी गेली की खाली. गाडीतल्याला वाटतं उठला, गुडघ्याला वाटतं बसलाय. आणि गंमत बघा. ते गेट गाडीच्या काचेवरचं स्टिकर बघून आपोआप उघडतंय. आप्पांनी काही उघडायचं नाही, लावायचं नाही. गाडी आली की नुसतं उठायचं. उठायचीच नोकरी.

हे शिबिर होतं कम्युनिटी कॉलेजात. वर्षभर तिथं आमच्यासारखी पोरं असत्यात. एसी रिपेअरी, टॅली, टेलरिंग. उन्हाळा आला की कॉलेजचं रूप पालटतं. रंगीत बॅनर लागत्यात. मातीची भांडी करा, रोबो करा, नाटक करा. एचएसआर लेआउटहून, सर्जापूर रोडवरनं गाड्या येत्यात आणि त्यातनं चटया, बाटल्या, पालक असं सगळं उतरतं. आमचा एसीचा वर्ग तेवढे दिवस मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. एसी शिकायचा आणि घामानं भिजायचं. पण कॉलेजनं एक केलं होतं. आपल्या पोरांना एक शिबिर फुकट. बाकीच्यांनी शहाण्यासारखं रोबो घेतलं. मी नाटक घेतलं.

कारण मी नकल्या. गावात नावच ते. शाळेच्या गॅदरिंगला मी हेडमास्तरांची नक्कल केली तेव्हा हेडमास्तर पोट धरून हसले, आणि खाली उतरल्यावर त्यांनीच माझ्या कानाखाली काढली. दोन्ही बक्षिसं मला आवडली होती. बेंगळुरात आलो तेव्हापासनं दुकानात कन्नड, बाहेर हिंदी, मराठी तेवढी खोलीत. पण नक्कल कुठल्याबी भाषेत चालते. लिफ्टमधली बाई मी करतो. भांडणारा रिक्षावाला अण्णा मी करतो. दहा मिनिटं ऐकलं की माणूस माझ्या गळ्यात येऊन बसतो.

तर मला नाटकात काम करायचं होतं. एवढंच. एकदा, पुऱ्या उजेडात, पुऱ्या नाटकात.

सर पुण्याचे. मला सर म्हणू नका, म्हणायचे. सरी, म्हणजे बरं. मी मनात झब्बा म्हणायला लागलो, कारण रोज नवा झब्बा आणि रोज तो मुद्दाम चुरगळलेला. पहिल्या दिवशी मराठी ऐकून माझा जीव हरखला होता. त्याचाही हरखला, पण वेगळा. मी बोललो की तो डोळे मिटायचा, आंबा चोखल्यासारखा.

"किती रॉ आहे यार तुझं. पॉलिश नको करूस."

नाटक अपार्टमेंटवरचंच. पाण्याचा टँकर येत नाही आणि सगळे मिळून वॉचमनवर चढत्यात. वॉचमन हीच मोठी भूमिका. मला वाटलं, ही आपली. कोण करणार दुसरं? खरा वॉचमन बघायला सगळ्यांना गेटवर नेलं होतं, तिथनं परत आल्यावर झब्ब्यानं भूमिका वाटल्या. वॉचमन ईशानला.

ईशान म्हणजे त्याच अपार्टमेंटमधला नवव्या मजल्यावरचा पोरगा. त्याच्या गाडीला आप्पा रोज अर्धे उठत्यात. पोरगा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं.

मी विचारलं, मी का नाही? झब्ब्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर, समजावून सांगितल्यासारखं.

"तू केलंस तर ती ॲक्टिंग होत नाही रे. तू तर तेच आहेस."

बरं. मग मला सेक्रेटरी द्या म्हणलं. अपार्टमेंटचा सेक्रेटरी, मीटिंगमध्ये इंग्लिश फाडणारा. मी तिथंच उभ्या उभ्या करून दाखवला. तो घसा खाकरणं, ते "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट", तो चष्मा डोक्यावर. पोरं लोळायला लागली. ईशाननं टाळ्या वाजवल्या. झब्बाही हसला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "भारी. पण ऑडियन्सला पटणार नाही."

का?

"फेस," म्हणाला.

म्हणजे वॉचमन करायचा नाही, कारण मी वॉचमनच आहे. सेक्रेटरी करायचा नाही, कारण मी वॉचमनच आहे. मग मी करायचं काय? ईशानला शिकवायचं. मला पदही दिलं, ॲक्सेंट कोच. रोज सरावानंतर ईशान माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि विचारायचा, कुठला हात आधी? मान किती वाकते? बोलताना "की" शेवटी येतं का? एकदा म्हणाला, "ब्रो, तेरे पापा बहुत क्यूट हैं." मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. खरंच चांगल्या मनानं म्हणाला होता. आयुष्यभर मी लोकांना गळ्यात घेतलं. आता एकजण माझा बाप अंगात घालून बघत होता, शर्टाचं माप बघितल्यासारखा. त्याला तो तंग होत नव्हता, कारण त्याचा गुडघा चांगला होता.

मग टोपी हवी झाली. नवी नको, ओरिजिनल हवी. झब्बा स्वतः गेटवर जाऊन आप्पांची जुनी टोपी घेऊन आला आणि येताना आप्पांना नाटकाचं आमंत्रणही देऊन आला. नाटक संपल्यावर स्टेजवर सत्कार. खरा वॉचमन आणि नाटकातला, दोघं शेजारी शेजारी सल्यूट करणार. फोटो चांगला येईल, म्हणाला.

आप्पांनी दुसऱ्या वॉचमनशी ड्युटी बदलून घेतली. आईनं पांढरा शर्ट इस्त्री करून आणला. आमची खोली त्या अपार्टमेंटच्या मागं, जनरेटरला लागून. त्या आवाजात मी आप्पांना सांगत होतो, जाऊ नका. तुम्हाला स्टेजवर उठबस करायला लावणार आहेत. लोक हसणार आहेत.

"करतो की," आप्पा म्हणाले. "हात झिजतोय व्हय? आपला मराठी माणूस, मानानं बोलीवलंय."

लाज नाही वाटत का, असं मी विचारलं. आप्पा शर्टाची बटणं लावतच राहिले.

"मी गाडीला सल्यूट करतो. माणसाला न्हाई. आत कोण बसलंय हे मी आजवर बघितलंच न्हाई."

गुडघ्यासाठी काढली होती तशी मनासाठीपण त्यांनी एक वाट काढून ठेवली होती. माझ्याकडं दुसरी वाट कुठं होती त्यांना द्यायला.

हॉल भरला. पहिल्या रांगेत आप्पा, कडेच्या खुर्चीवर. मी विंगेत, सामान द्यायला. ईशान टोपी घालून आला, खुर्चीत बसला, गाडीचा हॉर्न वाजला आणि तो उठला. अर्धा. डावा हात गुडघ्यावर.

हॉल फुटला. मी आप्पांकडं बघत होतो. पहिल्यांदा तेही हसले, सगळे हसत्यात म्हणून. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला, ईशान उठला, लोक अजून हसले, तेव्हा आप्पांनी आपल्या गुडघ्याकडं बघितलं. त्यानंतर ते हसले नाहीत. नाटकभर ती गाडी येत राहिली.

संपल्यावर झब्ब्यानं त्यांना वर बोलावलं. गुलाबाचं फूल दिलं. फूल हातात धरून आप्पा खुर्चीत बसले, शेजारच्या खुर्चीत ईशान. झब्ब्यानं माईक तोंडाला लावला.

"ओरिजिनल अँड कॉपी, लेडीज अँड जंटलमन. वन्स मोअर, अंकल!"

लोक तालात टाळ्या वाजवायला लागले. आप्पांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग झब्ब्याला विचारलं, आणि ते माईकमध्ये आलं.

"गाडी कुठाय?"

एवढं हसणं नाटकालाही पडलं नव्हतं. आप्पा विनोद करत नव्हते. त्यांना खरंच गाडी हवी होती. गाडी नसली तर समोर माणसं उरत होती, आणि माणसांना त्यांनी कधी सल्यूट केला नव्हता. टाळ्या थांबेनात. शेवटी त्यांचा डावा हात हळूच गुडघ्यावर गेला.

तो हात बघितला आणि मी विंगेतनं चालत गेलो. ईशानच्या डोक्यावरची टोपी काढली, आप्पांच्या मांडीवर ठेवली. झब्ब्याच्या हातातनं माईक घेतला. झब्ब्याची नक्कल माझ्या ओठावर होती. तो आंबा, ते डोळे मिटणं, ते "रॉ आहे यार". केली असती तर हॉल मेला असता हसून. पण मग त्यांना अजून एक आयटम मिळाला असता. मी आपल्या आवाजात बोललो.

"माझा बाप इथं पाहुणा म्हणून आलाय. त्याला उठवायचं नाही."

लोक हसले. माझं बोलणंच त्यांना नक्कल वाटली. मी थांबलो. नकल्याला थांबता येतं. हसणं ओसरलं, मग एकटंदुकटं राहिलं, मग कुणीतरी घसा खाकरला, मग पंख्याचा आवाज यायला लागला. तेव्हा मी परत म्हणलं.

"उठवायचं नाही."

झब्बा दातावर दात ठेवून माझ्या कानात म्हणाला, "हे सगळं मी तुझ्यासाठी केलं ना रे?" मी माईक त्याच्या तोंडापुढं धरला. म्हणलं, आता म्हणा वन्स मोअर. तो म्हणाला नाही. मी आप्पांना हात दिला. ते पुरते उठले, टोपी घेतली, आणि आम्ही मधल्या वाटेनं लोकांच्या मधनं बाहेर पडलो. फूल खुर्चीवरच राहिलं.

इथं संपलं असतं तर बरं होतं. अपार्टमेंटचा खरा सेक्रेटरी दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याच आठवड्यात आप्पांची ड्युटी मेन गेटवरनं खाली बेसमेंटच्या तोंडाशी. तिथंही तसलंच स्टिकरचं गेट, आपोआप उघडणारं. धूर, उकाडा, आणि खुर्ची नाही. खाली खुर्ची अलाउड नाही, म्हणे. तिसऱ्या दिवशी पायाला तेल चोळताना आप्पा म्हणाले, "तुझं बोलून झालं. उभं मला ऱ्हायाचंय."

हे वाक्य मला कुठल्याच झब्ब्यानं दिलं नव्हतं. हे माझ्या बापानं दिलं आणि ते खरं होतं.

ईशानचा मेसेज आला, पर्सनली मत ले ब्रो. झब्ब्याचा आला, टॅलेंट आहे पण ॲटिट्यूडवर काम कर. आता कुणी "कर ना रे जरा" म्हणलं की मी नक्कल करत नाही. कुणाची, कुठं आणि कुणासमोर करायची ते मी ठरवणार.

आणि मी खोलीतली आमची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली, बेसमेंटला नेऊन ठेवली. सुपरवायझर आला. "कुर्ची इल्ली इडबेडा," म्हणाला, खुर्ची इथं ठेवू नको, आणि ती उचलून भंगाराच्या खोलीत टाकली. सकाळी मी भंगारातनं काढली, परत ठेवली. परत टाकली. परत आणली. आता मी परत आणणार हे त्याला माहीत झालंय आणि तो परत टाकणार हे मलाही. नोकरी जाईल म्हणून आई रडते. जाऊ शकते. आप्पा मला शिव्या देत्यात आणि खुर्चीत बसत्यात.

काल वर्गाला जायच्या आधी मी तिथंच होतो. ईशानच्या घरची गाडी उतारावरनं खाली आली. स्टिकर दिसलं, गेट उघडलं. आप्पांचा डावा हात गुडघ्यावर गेला. आपोआप. बूड उचललं. मी मागनं खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

"बसा, आप्पा."

खांदा माझ्या हाताखाली वर येत होता. इतक्या वर्षांचं अंग आहे ते, एका भाषणानं बसत नाही. ते उठायचं थांबेपर्यंत माझा हात तिथनं निघणार नाही.

गाडी थांबली. गेट उघडं, रस्ता मोकळा. तरी हॉर्न वाजला. परत वाजला.

वाजू दे.