म्होरक्याची घंटी

माझ्या थोरल्या मामाइतका भित्रा माणूस निजामाच्या सबंध मुलखात झाला नसेल, आणि त्याच्याइतका शूरही झाला नसेल. साप शेपटीला धरून बांधापलीकडे सोडून येणारा, नुसती काठी घेऊन लांडग्यामागे धावणारा हा माणूस, पोटचं पोर उंबऱ्याबाहेर पडलं की गळून जायचा. पोर अजून अंगणातच असायचं, पण मामाने मनातल्या मनात ते हरवल्याची गावभर दवंडी पिटलेली असायची.

मी दर उन्हाळ्यात नौबादहून चिटगुप्प्याजवळच्या त्याच्या गावी जायचे. मामाचे आजे-पणजे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले. पुढे जमीन झाली, मेंढरं गेली, पण त्यांच्या पितळी घंट्या तेवढ्या आढ्याला लटकत राहिल्या. त्या मामाने काढल्या, चिंचेने लख्ख घासल्या आणि पोरांच्या करदोड्याला एकेक बांधून टाकल्या. मी पाहुणी, तरी माझीही सुटका नव्हती. गाडीतून उतरले की मामी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि मामा घंटी. मामाच्या थोरल्या पोराची घोगरी, मधल्याची चिरकलेली, माझी बोजड आणि त्याच्या धाकट्या लेकीची, गिरजाची, एकदम बारीक. मामा दुपारभर कट्ट्यावर डोळे मिटून बसायचा आणि आकाशवाणी व्हावी तसा मधूनच बोलायचा, "थोरला चिंचेखाली हाय. मधला पळायलाय." घंट्या वाजेनाशा झाल्या की मात्र तो ताडकन उठायचा. "गप बसलेली घंटी लई वंगाळ. पोट्टे झाडावर चढलेत." आणि आम्ही खरंच मालीपाटलाच्या आंब्यावर, घंटीत चिखल कोंबून बसलेलो असायचो.

या कारभाराला गाव हसायचं. हसली नाही ती एकटी मामी. एकदा माझी वेणी घालताना तिने हळूच सांगितलं, "यांचा धाकटा भाऊ ओढ्याला गेलता. वर कुठं तरी पाऊस झाला आन् लोंढा आला. हे काठावर हाका मारायले, पर पोर कुठल्या अंगाला हाय तेच कळंना. आवाज कळला असता तर, म्हणतेत अजून." त्या दिवसानंतर मी घंटीत चिखल भरायचं सोडलं. मामावर माझा फार जीव होता, आणि त्या दिवसापासून तो जरा जास्तच जडला.

गिरजा मात्र बधणारी नव्हती. बाप तसा लेक, आणि लेक काकणभर सरसच. एके दुपारी तिने आपली घंटी शेळीच्या गळ्यात बांधून शेळी सोडून दिली. मामा कट्ट्यावरून डोळे मिटून ओरडत होता, "गिरजे, काट्यात जाऊ नगं. गिरजे, ती दुसऱ्याची वैरण हाय, माघारी फिर." शेळी काही ऐकेना. गिरजा त्याच्या पाठीमागेच भिंतीला टेकून धपाटं खात होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "अप्पा, शेळीला बी घंटी, मला बी घंटी. मग माझी धार कामून काढत न्हाईत?"

सगळा कट्टा हसला. मामा हसला नाही. "कल्याणच्या जत्रंपतूर थांब," तो म्हणाला. "तिथं नीट ऱ्हाईलीस तर काढतो कायमची. चुकलीस तर लगीन हुईपतूर ऱ्हाईल." गिरजाने मान डोलावली. तिच्या दृष्टीने हा जन्माचा सवाल होता. तिला शाळा शिकायची होती, आणि घंटीवाल्या पोरीला ओढ्यापलीकडच्या शाळेत एकटी कोण सोडणार?

हे कल्याण आमच्याच मुलखातलं, आणि जत्रा होती गुरांची. नजर जाईल तिथवर बैल, आणि प्रत्येक बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ. तिथे घंटी बांधून गेलो तर आपल्यालाही दाव्याला बांधतील, असं गिरजा म्हणाली. मामालाही ते पटलं असावं. त्याने आम्हा दोघींच्या घंट्या काढल्या. माझी पिशवीत टाकली, गिरजाची जिवाभावाची म्हणून आपल्याच करदोड्याला बांधली. मी त्याच्या धोतराचा सोगा धरला, गिरजाने बोट.

घात केला एका खिलारी खोंडाने. मामाला खोंड दिसला, दात बघायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्याने बोट सोडलं. दात बघून वळतो तर गिरजा नाही.

त्यानंतरचा मामा मी कधी विसरणार नाही. तो धावला नाही की ओरडला नाही. तो थेट डोळे मिटून उभा राहिला. सवय. आणि चारी बाजूंनी हजारो घंट्या वाजत होत्या. मी रडायला लागले, तेव्हा तो भानावर आला आणि बंदोबस्ताच्या जवानाकडे धावला.

"कैसी दिखती बच्ची?" जवानाने विचारलं. "क्या पहनी?"

मामाला सांगता येईना. आयुष्यभर त्याने लेकीला डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त पाहिलं होतं. "बारीक बजती, साब," तो म्हणाला. "पितल की."

जवानाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "बाबा, वो तो तुम्हारे कमर को बज रई."

एवढ्यात बैलांच्या पोटाखालून वाकून गिरजा बाहेर आली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, उलट कपाळाला आठ्या. "अप्पा, कवापासून हुडकायलेय तुमाला. बोट सोडून कामून गेलात?"

"तुला कसं गावलो गं?" मामाने विचारलं.

"घंटी वाजायली की. माझीच हाय, मला वळखू येत न्हाई व्हय?"

मामा थोडा वेळ रडला, मग हसायला लागला, मग दोन्ही एकदम. जवानाचे हात धरून सांगू लागला, बैलवाल्यांना सांगू लागला, शेवचुरमुरेवाल्याला दोनदा सांगितलं, "माझ्या पोरीनं मला हुडकून काढलं." परतीच्या वाटेवर गिरजा ताठ मानेने पुढे आणि मामा छुमछुमत मागे. कट्ट्यावर पोचताच त्याने सगळ्या पोरांना बोलावून घंट्या सोडल्या. "घंटी कळपात म्होरक्याला बांधतेत, कोकरांना न्हाई," तो म्हणाला. "कोकरांनी हिंडावं आन् म्होरक्या कुठं हाय ते ऐकावं. धनगराचा नातू आसून मी उलटंच बांधलो की."

गिरजा ओढा ओलांडून एकटी शाळेत जाऊ लागली. गावातली पहिलीच पोर. बारीक घंटी मात्र मामाच्याच कमरेला राहिली. आम्ही माळावर असलो, पाण्यात असलो, की कुठूनतरी ती वाजायची. मामा बाभळीआड काही काम नसताना फांद्या तोडत असायचा. आम्ही बघितलं की तो दुसरीकडे बघायचा. आम्हाला मोकळं वाटायचं, आणि एकटं कधी वाटलं नाही.

गिरजा लग्न होऊन औरादकडे निघाली तेव्हा पाठराखीण म्हणून गाडीत मी होते. मामा शिवेवर उभा राहिला. करदोड्याची घंटी हाताने हलवत राहिला. गाडी ओढ्यात उतरली, पलीकडे चढली, वळणाला लागली. मला आवाज केव्हाच येईनासा झाला होता. गिरजा पदर मागे सारून कान देऊन बसली होती.

"आवाज थांबला का गं?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "वाजायलीय अजून."