बाबांचा बांध

भात कापून झालं की झरी गावाला मोकळ्या शेतांतून घोडे पळवतात. बरेचसे वरातीचे घोडे, एखादा फार्महाऊसवरचा. स्वार सगळे हौशी. वाटेतला प्रत्येक बांध उडी मारून ओलांडायचा. पाणी सोडायला ठेवलेल्या खांडीतून घोडा काढला तर तो बाद. हे पाहायला प्रत्येक बांधावर एक माणूस असतो, ज्याच्या घरी घोडा नाही असा. चौथ्या बांधावर माझे बाबा उभे राहायचे.

आम्ही डहाणूहून वाडीच्या टेम्पोतून जायचो. चटई, डबे, पिशवीभर चिकू. आई आणि मी लांब आंब्याखाली बसायचो. बाबा दिवसभर तिकडे, हात पाठीमागे धरून. आम्ही दोघी हात हलवायचो. ते आमच्याकडे बघत, पण त्यांनी उलट हात कधीच हलवला नाही. आमच्यासोबत येऊन ते आमच्यात का नसतात, हे मला कळत नसे. मोठी झाल्यावर मी हात हलवणं सोडलं. आईने सोडलं नाही.

बाबा पावसाळ्यात गेले. दिवाळीनंतर झरीहून निरोप आला, घरातलं कुणी येणार असेल तर सांगा, नाहीतर बांध दुसऱ्याला देतो.

"वर्ष झालं नाही अजून," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण मजा करायला थोडंच जायचंय. तू उभी राहा."

सकाळी शर्यतीच्या म्हाताऱ्या पंचांनी माझ्या हातात पांढरा रुमाल दिला. "घोडा नीट उडाला तर वर करायचा. एरवी हात खालीच, ताई. लांबून आम्हाला रुमाल दिसतो की नुसता हात, कळत नाही. हात वर गेला की उडी धरली. माशी बसली तरी बसू दे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं.

बांधावर फार काही घडत नाही. घोडे येतात, माती उडते, जातात. मग बराच वेळ फक्त भाताचे खुंट आणि ऊन. एका तपकिरी घोड्याने खांडीचा रस्ता धरला. स्वार परत फिरून आला.

"ताई, रुमाल?"

"खांडीतून गेला."

"तुमचे बाबा असते तर दिला असता."

"नसता दिला."

तो हसला. "नसता. गेल्या साली पण नव्हता दिला."

दुपारी आंब्याखाली आई उभी राहिली. तिने हात हलवला. पदर सावरून पुन्हा हलवला. तेवढ्यात तिसऱ्या बांधाकडून दोन घोडे सुटले होते. मी रुमाल मुठीत घट्ट धरला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. ती थोडा वेळ तशीच उभी होती. मग खाली बसून एकटीच डबे उघडू लागली.

परतताना टेम्पो आशागडपर्यंत आला तेव्हा आईने विचारलं,

"मी दिसत होते ना तुला?"

"दिसत होतीस. तिथे हात वर करता येत नाही, आई. केला तर उडी धरतात."

तिने रिकामे डबे पिशवीत नीट लावले.

"एवढंच होतं होय," ती म्हणाली.