माफीनामा लिहिणार नाही

आबा, मी निघाले त्या दिवशी उमापूरच्या स्टँडवर तुम्ही माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. एस्टी हलली तेव्हा एवढंच म्हणालात, "लढाईच्या मुलखात काहून मरायला चाललीस? बीडात दवाखाने न्हाईत व्हय?" आई म्हणाली, "जाऊ द्या, नर्स हाय ती." मला रडू आलं नाही. लई राग आला.

लिबियातल्या ह्या दवाखान्यात, बाहेर गोळीबार झाला की जखमी आधी, बाकीचे मागाहून. इथल्या नर्स पोरी हुशार. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, किती खोल, सगळं तोंडपाठ. पण खऱ्या माणसाची छाती कुणीच दाबलेली नव्हती. सरावाची बाहुली खराब होईल म्हणून प्लास्टिकात गुंडाळून कपाटात बंद. नावं कशाला ठेवू? बीडला आम्हीही बाहुली लांबूनच बघून पास झालो. दाबायला मी नोकरीत शिकले. त्यात इथली रीत अशी, की माणूस कोसळला तर नर्सनं आधी डॉक्टर शोधायचा, तोवर हात लावायचा नाही. कडब्याची गंजी पेटल्यावर तलाठ्याची वाट बघत बसावं, तसलं हे!

मागच्या आठवड्यात एक म्हातारा बाकावरून खाली कोसळला. श्वास नाही, नाडी नाही. डॉक्टर सगळे जखमींच्या ऑपरेशनला. माझ्यासोबतची सलमा डॉक्टर शोधायला पळाली. कुणीतरी त्याच्या तोंडात पाणी घालायला आलं, आपल्याकडं घालतात तसंच. मी बाटली ढकलली, गुडघे टेकले आणि दाबायला लागले. कडकन फासळी मोडली. त्याच्या पोरानं माझा खांदा धरून ओढलं. अरबी कुठलं सुचतंय! मराठीतच ओरडले, "सर बाजूला! मेलाय तो, आता अजून काय मरणार हाय?"

त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं हात सोडला. सलमा डॉक्टरांना निरोप धाडून एकटीच परत आली. मी दमले तशी तिला खाली बसवलं. पोरीनं रडत दाबली, पण दाबली. मग डॉक्टर मशीन घेऊन आले, शॉक दिला आणि म्हाताऱ्याची नाडी लागली.

आता तोच म्हातारा खाटेवर बसून चहा पितो आणि छाती दुखते म्हणून माझ्या नावानं बोंबलतो. पोरानं तक्रार दिली. मॅट्रनबाई म्हणाल्या, हुकमाशिवाय हात लावलास. माफी लिहून दे, नाहीतर परतीचं तिकीट घे.

मी म्हटलं, "बाई, फासळी दुखायला माणूस जित्ता लागतो. माफी लिहून मिळणार नाही." सलमा शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, मीही दाबली, मलाही काढा.

अजून निकाल लागलेला नाही. आणि तुम्ही फोनवर खूश! "बरं झालं, ये माघारी." आबा, बरं काय झालं ह्यात? मला इथंच राहायचंय. ह्या पोरींचे हात आत्ता कुठं धीट व्हायला लागलेत.

तरी हाकललंच तर येईन. पण तोंड लपवून नाही. बाजारच्या दिवशी, भर माणसांत उतरेन. पोरगी काहून परत आली असं कुणी विचारलं, तर मान खाली घालू नका. सांगा, माणूस वाचवला म्हणून हाकलली. जिथं हे ताठ मानेनं सांगतील, ते माझं घर. तुम्हाला सांगवणार नसेल, तर उमापूरही माझं नाही.